सोडणे निराळे, हिसकावणे निराळे

जेऊर स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर परवा दोन शेतकरी गृहस्थ बोलत बसले होते. गाडीला अवकाश होता, म्हणून आम्हीही ऐकत बसलो. पहिले गृहस्थ आपल्या घरात काय काय नाही ते मोठ्या अभिमानाने सांगत होते. पंचांग नाही, कारण मुहूर्त पाहावयाचा नाही. टीव्ही नाही, कारण पोरांचा अभ्यास बुडतो. कर्ज काढून घेतलेली एकही वस्तू नाही, फटफटीसुद्धा नाही. "परवडत नाही म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून," असे त्यांनी दोनदा बजावले. दुसरे गृहस्थ वयाने थोर होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हळूच विचारले, "अन् बापू, तुमच्या धाकल्या भावजयीच्या हातात बांगड्या न्हाईत, त्या कुणाच्या तत्त्वानं?"

बापू काही बोलले नाहीत. तेवढ्यात गाडी आली आणि मंडळी उठली. पण तो प्रश्न टपरीवर पडून राहू नये, म्हणून आम्ही तो उचलून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घरात एखादी वस्तू नसण्याची कारणे चार असतात. पहिले कारण गरिबी; ते आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंना समजावून सांगावयास नको. दुसरे भय. पाथर्डी तालुक्यातील नांदूर निंबादैत्य गावाचे दैवत निंबादैत्य. त्याचे व मारुतीचे वैर, म्हणून तेथील लोक मुलाचे नाव मारुती ठेवीत नाहीत आणि मारुती कंपनीची मोटारही घेत नाहीत. शनिशिंगणापुरास घरांना कुलपे लावावयाची नाहीत अशी रूढी. 2011 साली तेथे एका बँकेने कुलपाशिवाय शाखा उघडली, आणि 2015 साली पोलीस ठाणेही झाले. ज्याची त्याची श्रद्धा; तिची टवाळी आम्हाला करावयाची नाही. परंतु देवाचा कोप होईल म्हणून वस्तू न ठेवणे याला तत्त्व म्हणता येत नाही.

तिसरे कारण खरे तत्त्व. त्याची उदाहरणे आमच्या समाजात थोडी नाहीत. गाडगे महाराजांनी अंगावर चिंध्या, हातात झाडू व एक फुटके गाडगे यांखेरीज स्वतःचे म्हणून काही ठेवले नाही. लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांवर त्यांनी मालकी सांगितली नाही; पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य भगिनींना सांगितले की, ज्या कथलाच्या व चांदीच्या दागिन्यांवरून लोक तुमची जात ओळखतात ते अंगावरून उतरवा. त्या बायांनी ते उतरविले. दागिना गेला, पण त्याबरोबर जातीची खूणही गेली. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. नवरा जिवंत असता मंगळसूत्र देणे म्हणजे त्या काळी लोकांच्या जिभेवर निखारा ठेवणेच होते. पण ते त्यांनी आपल्या हाताने काढले, आणि पोरांच्या ताटात भाकरी पडली.

आता चौथे कारण पाहू. नवरा मेला की त्याच्या प्रेताशेजारी बायकोच्या बांगड्या फोडावयाच्या, कुंकू पुसावयाचे, मंगळसूत्र व जोडवी काढून घ्यावयाची. ती दुःखाने अर्धमेली झालेली असते. तिला कोणी विचारीत नाही. आणि पुढे जन्मभर आपण म्हणत राहतो की, "ती बांगड्या घालत नाही." अहो, ती घालत नाही की तुम्ही घालू देत नाही? लक्ष्मीबाईंचा गळा मोकळा झाला आणि या बाईचाही गळा मोकळा झाला. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतील. पण एकीने दिले आणि दुसरीचे हिसकावले. सोडणारा व ठरविणारा एकच असेल तर ते तत्त्व. सोडावे लागते एकाला आणि ठरविणारा दुसराच असेल, तर त्याला जुलूम हेच नाव आहे.

हा जुलूम मोडण्यात आमच्या कारागीर बंधूंनी पूर्वीच पाऊल टाकलेले आहे. 1890 साली मुंबईच्या न्हावी बांधवांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने सभा भरवून ठरविले की, विधवेच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालविणार नाही. वस्तरा हे त्यांच्या पोटाचे साधन. तरी या कामासाठी तो आमच्या हातात नाही असे ते म्हणाले, आणि तो तोटा त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. तत्त्वाची दुसरी ओळख हीच होय: त्याची झळ आपल्याला लागते, घरातल्या दुबळ्या माणसाला नव्हे.

अलीकडे या कामाला पुन्हा हात घातला तो आपल्याच तालुक्याने. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी ही प्रथा बंद करण्याची चळवळ उभी केली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरविण्यास सांगितले. जेऊरजवळच्या केमचे कुंकू सगळ्या महाराष्ट्रात जाते. मग ते आपल्याच घरातल्या एका कपाळाला का चालू नये?

कोणी म्हणेल, आमच्या घरच्या म्हाताऱ्याच हे करतात, आम्ही पुरुष काय करणार? त्या म्हाताऱ्यांवर एकदा हेच गुदरले, किंवा गुदरेल या भीतीत त्यांचा जन्म गेला. त्यांना दोष देऊन पुरुषांची सुटका होत नाही. भिक्षुकाला दारात येऊ दिले नाही, पण त्याचा नियम चुलीपाशी मांडी घालून बसला आहे, त्याचे काय? दुसरा म्हणेल, काही बायांनाच पुन्हा बांगड्या नको असतात. नको असतील तर खुशाल नकोत! कुंकू लावण्याची नवी सक्ती आम्हाला करावयाची नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हवे-नको तिच्या तोंडून निघावे.

आणि केवळ बांगडीवर थांबूनही भागणार नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीची वारस ठरविले आहे. तरी पुष्कळ घरांत दिवस होतात न होतात तोच तिच्यापुढे हक्कसोडपत्र येते आणि तिने "आपखुशीने" अंगठा दिला असे लिहिले जाते. बांगडी परत दिली आणि सातबाऱ्यावरचे नाव काढून घेतले, तर त्या सुधारणेची किंमत एका बांगडीइतकीच.

म्हणून शेतकरी बंधूंनो, आमची विनंती साधी आहे. तुमच्या गावी ठराव झाला असेल तर तो दप्तरात न ठेवता पुढल्या मयतीच्या दिवशी पाळून दाखवा. झाला नसेल तर ग्रामसभेत विषय काढा. आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने जिवंतपणीच चार माणसांसमक्ष सांगून ठेवावे की, माझ्यामागे माझ्या बायकोच्या अंगावरची एकही वस्तू कोणी ओढू नये, आणि तिचे नाव सातबाऱ्यावर लागावे.

बापूंनी पंचांग ठेवले नाही, कर्जाची फटफटी घेतली नाही, हे चांगलेच केले. आता घरी जाऊन त्यांनी भावजयीला एकदा विचारावे, "बाई, तुला काय हवं?" ती जे सांगेल ते घरात चालू द्यावे, मग त्यांनी स्टेशनावर बसून तत्त्वाच्या गोष्टी खुशाल सांगाव्या. आम्ही पुन्हा ऐकावयास येऊ.