शुल्क आणि बिदागी

मँचेस्टरजवळचे बोल्टन हे एकेकाळी सूतगिरण्यांचे गाव होते. गिरण्या केव्हाच थंडावल्या. त्या गावातील एका चर्चच्या सभागृहात आम्ही एक हिवाळाभर, आठवड्यातून एकदा, 'बेली डान्स' शिकायला जात असू. मराठी वाचकाला हे वाक्य काहीसे विनोदी वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. ते विनोदी का वाटते, याचाच विचार येथे करावयाचा आहे.

वर्गात पंधराएक बायका होत्या. बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या. कोणी परिचारिका, कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी दुकानात काम करणारी. बाहेर पाऊस, आत भिंतीशी रचून ठेवलेल्या खुर्च्या. साध्या कपड्यांवर कमरेला नाण्यांचा रुमाल बांधायचा आणि छाती-खांदे स्थिर ठेवून फक्त कंबर हलवायची. दिसते त्याहून हे फार अवघड आहे. गुडघे किंचित वाकवून कमरेने आडवा इंग्रजी आठाचा आकडा काढताना प्रथमच उमगले की शरीराच्या या भागाशी आपली कधी ओळखच झालेली नव्हती. शेजारची एक बाई मोठ्या आजारातून उठली होती. ती म्हणे, की गेली दोन वर्षे जे शरीर फक्त डॉक्टरांचे होते, ते येथे पुन्हा आपले वाटते. अशा वर्गांची टिंगल करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पहिल्याच दिवशी कोणीतरी आपुलकीने म्हणाले, "तुला हे सोपे जाईल. तुमच्या रक्तातच आहे ना!" इजिप्त आणि महाराष्ट्र यांच्यातील सारे अंतर त्या वाक्यात पुसले गेले होते. आम्ही गप्प राहिलो, पण ते वेगळ्याच कारणाने. ज्या मध्यमवर्गीय मराठी घरात आम्ही वाढलो तेथे लावणी ऐकली जाई, तिच्यातील शब्दकळेवर चर्चाही होई. पण घरातल्या मुलीने ती शिकावी हा विचार कोणाच्या मनाला शिवला नसता. आमच्यासाठी भरतनाट्यमचा वर्ग होता. म्हणजे कंबर हलवण्याची जी मोकळीक घरी नव्हती ती आम्ही समुद्रापार, दुसऱ्याच लोकांच्या नाचात, शुल्क भरून मिळवीत होतो.

'बेली डान्स' हे त्या नाचाचे स्वतःचे नाव नव्हे. फ्रेंचांनी त्याला 'पोटाचा नाच' म्हटले, आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास ते नाव इंग्रजीत रूढ झाले. अरबीत त्याला रक्स शर्की, म्हणजे पूर्वेचे नृत्य, म्हणतात. त्याच्या लोकरूपाला रक्स बलदी, आपल्या भाषेत 'देशी' वा 'गावरान' नाच. लग्नकार्यात घरच्या बायकाही तो नाचत आल्या, पण व्यवसाय म्हणून तो जगवला गवाझी म्हणवल्या जाणाऱ्या नर्तकींनी. १८३४ साली इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने नर्तकींना कैरोतून हद्दपार करून दक्षिणेकडे एस्ना, केना, अस्वान या गावी धाडले. याच मुहम्मद अलीने १८२० च्या दशकात लांब धाग्याच्या कापसाची लागवड वाढवली होती. इजिप्तचा तो कापूस पुढे बोल्टनच्या गिरण्यांतून तलम सूत होऊन निघू लागला. गावातील एका गिरणीमालकाची कन्या ॲनी बार्लो हिने इजिप्तमधील उत्खननांसाठी पैसा उभा केला, आणि बोल्टनच्या संग्रहालयात प्राचीन इजिप्तच्या वस्तूंचा मोठा संग्रह जमला. कापसाची आणि ममींची अशी नोंद गावात आहे. नाच तेवढा नावगाव गमावून आला.

२०१४ साली अरब-अमेरिकन लेखिका रांडा जर्रार यांनी 'सलोन' या नियतकालिकात गोऱ्या स्त्रियांच्या बेली डान्सवर कडाडून टीका केली आणि मोठा वाद माजला. त्यांचा राग आम्हांला समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. नाच एकाकडून दुसऱ्याने शिकला तरच टिकतो. १९२६ साली कैरोत रंगमंदिर काढून या नाचाला आजचे रंगमंचीय रूप मिळवून देणारी बदिआ मसाब्नी स्वतः इजिप्तबाहेरून आलेली होती, आणि त्या रूपात पाश्चात्त्य रंगमंचाचेही अंश मिसळले होते. शुद्धतेच्या कसोटीवर तीदेखील परकीच ठरेल. नाचणारीचा वर्ण पाहण्यापेक्षा पैसा कोणत्या दिशेने जातो ते पाहावे, असे आमचे मत आहे.

शुल्क देऊन नाचणाऱ्या बाईचा तो छंद ठरतो. बिदागी घेऊन नाचणारीचे चारित्र्य संशयित ठरते. बोल्टनमध्ये नाण्यांचा रुमाल बांधून आम्ही चहा-बिस्किटे खात होतो. कैरोत २०२० साली एका नर्तिकेला समाजमाध्यमांवरील चित्रफितींबद्दल तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली गेली. आपल्याकडे पाहावे तर २००५ साली महाराष्ट्र शासनाने डान्स बारवर बंदी घातली, पण तारांकित हॉटेलांना तीतून सूट दिली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. मधल्या काळात पोटापाण्याला मुकल्या त्या नाचणाऱ्या बायका. कला तीच असते. तिच्यावर पोट असलेली बाई मात्र समाजाला सोसवत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. फ्लोबेर १८५० साली एस्ना येथे कुचुक हानेम या नर्तकीला भेटला. ती स्वतःविषयी काहीच बोलत नाही, तिच्या वतीने तोच बोलतो, हे एडवर्ड सैद यांनी 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथात दाखवून दिले. ते आपण वर्गात शिकवतो. मात्र ती भेट एस्नात का झाली, हे सांगताना सोळा वर्षांपूर्वीची हद्दपारी सहसा सांगत नाही. याच सैद यांनी १९९० साली तहिया कारिओका या नर्तकीवर आदराने लेख लिहिला. राजकीय मतांसाठी तुरुंगवास भोगलेली, आपले म्हणणे ठणकावून सांगणारी ही बाई. हा लेख आपल्या अभ्यासक्रमांत का नसावा? मूक नर्तकी आपल्याला सिद्धान्तासाठी उपयोगी पडते. बोलणारी आली की आपली पंचाईत होते, असे तर नाही?

असो. हिवाळा सरता सरता आम्ही शिक्षिकेला सुचवले, की दर वेळी पहिली दहा मिनिटे ज्यांचा हा नाच आहे त्यांच्यासाठी राखून ठेवावीत. तिने ते मनापासून मान्य केले. पुढच्या आठवड्यात लॅपटॉपवर कारिओकाचा जुना कृष्णधवल चित्रपट लागला. रुमाल बांधलेल्या पंधरा बायका दाटीवाटीने उभ्या राहून पाहू लागल्या. "ही तर जागची हलतसुद्धा नाही," परिचारिका म्हणाली, "आणि तरी नजर काढता येत नाही." मग तिने त्या नर्तकीचे नाव पुन्हा विचारले, आणि वहीत लिहून घेतले.