कमिशन शून्य, बट्टा पुरेपूर

लखनौच्या मिर्झा अबू तालिब खानाने 1799 च्या फेब्रुवारीत कलकत्त्याहून विलायतेचे जहाज धरले, त्या काळी त्याच्या जन्मगावी पाडल्या जाणाऱ्या मच्छलीदार रुपयावर मासा असे, नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे असे, टांकसाळ बनारसची म्हणून नोंदलेली असे आणि जुलूसी सन वर्षे उलटली तरी 26 हाच असे. नावागावाने असे खोटे, पण चांदीच्या बळावर अवधभर बिनदिक्कत चालणारे हे नाणे कलकत्त्यात पोचले की कंपनीच्या सिक्का रुपयापुढे त्याला बट्टा लागे. पुढे जहाज केप ऑफ गुड होपला थांबले. इंग्रजांनी ती वसाहत 1795 मध्ये घेतलेली असली, तरी तेथील व्यवहार डचांच्या कागदी रिक्सडॉलरांतच चाले. तेथल्या डच यजमानांविषयी खानसाहेबांनी आपल्या प्रवासवर्णनात जे कडवट लिहून ठेवले आहे, ते वाचताना परमुलखातील बंदरात उतरलेल्या माणसाची गाठ प्रथम कोणाशी पडते, याविषयी शंका उरत नाही.

आपल्याकडचे उदाहरण अधिक करुण आहे. सातारच्या प्रतापसिंह महाराजांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी 1840 मध्ये लंडनला पोचले. 1847 मध्ये महाराज काशीस निवर्तले, तरीही हा स्वामिनिष्ठ वकील 1853 पर्यंत तेथे ठाण मांडून होता आणि कर्जात रुतत होता. इतिहासकार त्यांच्या चिकाटीचा गौरव करतात आणि तो यथार्थच आहे. परंतु मुलखातला पैसा परमुलखात वेळेवर पोचत नसेल, तर न्यायाची बाजू कितीही भक्कम असली तरी घरभाडे थकतेच, या साध्या गोष्टीकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते.

आज समुद्रमार्गे जाणाऱ्याची स्थिती पुष्कळ सुधारली आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून ऑगस्ट 2009 ते मे 2010 या अवधीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांचे मुक्काम चार झाले आणि चारही ठिकाणी चलन निराळे होते: फ्रीमँटलला ऑस्ट्रेलियन डॉलर, लिटल्टनला न्यूझीलंडचा डॉलर, पोर्ट स्टॅन्लीला फॉकलंडचा पौंड आणि केपटाउनला रँड. यांतला फॉकलंडचा पौंड म्हणजे मच्छलीदार रुपयाचा अस्सल वारसदार. ब्रिटिश पौंडाशी त्याची बरोबरी कायद्याने ठरलेली, पण बेटाबाहेर तो नेला तर दुकानदार नोट उलटसुलट करून परत देणार. खाजगी नौका घेऊन निघालेल्याने बंदराची फी, डिझेल, पाणी आणि शिडाची डागडुजी यांचा हिशेब करताना असे चलन नांगर उचलण्यापूर्वी खर्चून टाकावे किंवा बदलून घ्यावे, हेच श्रेयस्कर.

आपल्या कायद्याविषयी माझी मोठी तक्रार नाही. परदेशी जाण्यासाठी जेमतेम आठ डॉलर हाती ठेवणारा जमाना ज्यांनी पाहिला, त्यांना एका प्रवासात तीन हजार डॉलर रोख आणि उर्वरित रक्कम कार्डावर नेण्याची आजची मुभा ऐश्वर्यासारखीच वाटेल. परतल्यावर उरलेल्या नोटा 180 दिवसांत परत कराव्या लागतात, दोन हजार डॉलरपर्यंत ठेवता येतात, हेही वाजवीच. माझा आक्षेप आहे तो बट्टा लपविण्याच्या नव्या शिष्टाचारावर.

लखनौहून विमानाने सिंगापूर गाठून तेथून क्रूझवर चढणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. चलन बदलून देणाऱ्या दुकानात ठळक पाटी असते, ‘कमिशन शून्य’. समजा, बाजारात डॉलर 90 रुपयांचा आहे. दुकानदार तो 93 ला विकतो आणि 87 ला परत घेतो. हजार डॉलर घेऊन त्यांतले पाचशे परत आणणाऱ्या गृहस्थाचे जाताना तीन हजार आणि येताना दीड हजार, असे साडेचार हजार रुपये गेले, आणि पावतीवर कमिशनचा रकाना कोराच राहिला. बंदरातील दुकानाचे कार्डयंत्र तर याहून मधाळ: रक्कम रुपयांत भरता की स्थानिक चलनात, असे ते अदबीने विचारते, आणि परमुलखात आपला रुपया दिसल्याच्या आनंदात माणूस रुपयाचे बटण दाबतो. त्या आपुलकीत त्या यंत्रवाल्याचा स्वतःचा दर दडलेला असतो. बटण नेहमी स्थानिक चलनाचेच दाबावे. मग आपल्या बँकेचा अधिभार तेवढा द्यावा लागतो. तो अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, म्हणून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

नोटा आणवणे, त्यांचा विमा, दुकानाचे भाडे, नोकरांचा पगार हे सर्व कोठून काढायचे, असे दुकानदार म्हणतील. अवश्य काढावे, बट्टा हा सराफाच्या मेहनतीचा मोबदला आहे आणि तो फुकट मागण्याचा मुसाफिराला अधिकार नाही. परंतु जुना सराफ नाणे कसोटीला लावून, तराजूत टाकून बट्टा तोंडावर सांगे, आणि गिऱ्हाइकाला तो जाचक वाटला तर शेजारचे दुकान गाठण्याची मोकळीक असे. पावतीवर त्या क्षणाचा बाजारभाव, दुकानाचा दर आणि दोहोंतील फरकाची एकूण रक्कम रुपयांत छापण्याची सक्ती करावी, आणि जेथे असा फरक घेतला जातो तेथे ‘कमिशन शून्य’ ही पाटी लावण्यास मनाई करावी. रिझर्व्ह बँकेला त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. तिच्या परवान्याशिवाय ही दुकाने उघडतच नाहीत, तेव्हा परवान्याच्या शर्तींत एक कलम वाढविले की काम भागेल.