पाण्यात पाहणारे समीक्षक

माहेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या मनोज नाइट श्यामलन ह्या गृहस्थांनी २००२ साली ‘साइन्स’ नावाचा चित्रपट काढला. परग्रहवासी पृथ्वीवर चालून येतात, पण बराच वेळ दिसतच नाहीत. नुसती मक्याच्या शेतात सळसळ. ब्राझीलमधल्या वाढदिवसाच्या फिल्ममध्ये एक क्षणभर दिसतो, तेवढ्यात अख्खं थेटर किंचाळतं! रॉजर एबर्टसारख्या समीक्षकानं चारपैकी चार तारे दिले. सात कोटी डॉलर खर्चून चाळीस कोटींवर गल्ला जमला. आम्हां कॉमर्सवाल्यांना आणखी काय हवं?

पण शेवटी त्या प्राण्यांना पाण्यानं भाजतं म्हणून शहाणी मंडळी चवताळली. ‘७१ टक्के पाण्याच्या ग्रहावर हे येतीलच कसे?’ अहो, सिनेमा म्हणजे काय कॅशबुक आहे, संध्याकाळी टॅली करायला?

आणि हे ७१ टक्के आहे कुठं? गोवंडीत यान उतरलं असतं, तर नळाची वेळ सोडून त्यांनी दिवसभर सुखानं राज्य केलं असतं. भरलेली कळशी शत्रूवर ओतू म्हटलं असतं, तर आमची ही म्हणाली असती, ‘आधी ती खाली ठेवा!’

त्यातली लहान मुलगी पाणी खराब आहे म्हणून अर्धे पेले घरभर ठेवते. समीक्षक म्हणाले, ओढूनताणून जुळवलंय. आमच्याकडे पेला उजेडात धरल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही! भरलेली पातेली तर पलंगाखालीसुद्धा असतात. ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी, त्यांना ह्यातलं भय कळायचं कसं? पहाटे तोटी आधी नुसती फुसफुसते. पुढं पाणी येणार की हवाच, हे कळेपर्यंत आमची आळी श्वास रोखून उभी असते.