हजेरी ॲपवर, मुलगा कुठे?

डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर लागते तेव्हा सेमिस्टर संपत आलेलं असतं. ७५ टक्के हजेरी नाही, पालकांना आणा, हमीपत्र द्या, विषय संपला. अहो, पण हजेरी रोज ॲपवर भरताय ना? मग मुलगा जुलैपासून येत नाही हे ऑक्टोबरपर्यंत कुणालाच दिसलं नाही?

अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात गरीब घरची मुलं बरीच. २०१२ पासून तिथली यंत्रणा प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींत ८०० च्या आसपास धोक्याच्या खुणा तपासते. पायाच्या विषयात गुण घसरले, चुकीचा विषय घेतला, की सल्लागाराला निरोप जातो आणि तो मुलाला बोलावून घेतो. यासाठी त्यांनी ४० हून जास्त नवे सल्लागार नेमले. आपल्याकडे सॉफ्टवेअर विकणारे हा भाग सांगत नाहीत!

याच आकड्यांचा उलटा वापरही होतो. मेरीलँडच्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठात नव्या मुलांची पाहणी करून कच्ची मुलं आधीच बाहेर काढायचा अध्यक्षांचा बेत होता, म्हणजे टक्केवारी छान दिसेल. बोभाटा झाला, २०१६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

आपले आकडे नॅकच्या फायलीत जातात. मेंटॉरची वही असते, पण तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजं करणाऱ्या सरांनी ती कधी उघडायची?

ॲडमिशन घेताना प्राचार्यांना विचारा: सलग दहा दिवस न आलेल्या मुलाला फोन कोण करतं? त्यांचं नाव सांगा.