चुंबक, बांगडी आणि चीन

१९६२ साली मी सहावीत होतो. चीनशी लढाई सुरू झाली आणि आईनं हातातली सोन्याची एक बांगडी संरक्षण निधीला दिली. ती बांगडी पुन्हा काही झाली नाही. त्यामुळे चीनशी संबंध सुधारायला हवेत असं मी म्हटलं, की नातेवाईकांना वाटतं, म्हाताऱ्याला विसर पडला. तसं नाही मंडळी.

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा चाकणला इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटर जुळवतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीननं दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली. ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन थांबू शकतं, असं बजाज ऑटोनंही जाहीर सांगितलं होतं. आमच्या या पोराला पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवलं. त्याची आई मला विचारते, "सर, एवढंसं चुंबक आपल्याकडे होत नाही?" काय सांगणार! २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि विकला जेमतेम १४ अब्जांचा. कट्ट्यावर बहिष्काराच्या गोष्टी करणं सोपं आहे हो, पण खिशातला फोन उलटा करून बघावा एकदा.

जून २०२० मध्ये तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी ग्रेट वॉल मोटर्सशी राज्य सरकारचा करार झाला होता. त्याच सुमारास गलवानला आपले वीस जवान गेले आणि करार बाजूला ठेवला गेला. तेव्हा ते योग्यच होतं, मी आजही तेच म्हणेन. पण दोन वर्षांनी त्या कंपनीनं नाद सोडला, २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घ्यायचं ठरवलं, आणि मधल्या काळात कामगार अधांतरी राहिले.

आता गस्तीचा समझोता झालाय (ऑक्टोबर २०२४), २०२५ मध्ये मानसरोवर यात्रा आणि थेट विमानंही सुरू झाली. बरं झालं. रांजणगावात हायरचे फ्रिज बनतात, आपलीच पोरं बनवतात. तसं आणखी येऊ द्यावं, पण भागीदारीत आणि चुंबक करायची विद्या इथं शिकवण्याच्या अटीवर. टेलिफोनच्या यंत्रणा मात्र त्यांच्या हाती देऊ नयेत. त्यात मी आईचाच मुलगा आहे!

आणि बोलणी करायची तर त्यांची भाषा नको का यायला? सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून तिकडे गेले, चिनी शिकले आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. २०१३ साली चीनचे पंतप्रधान मुंबईत आले तेव्हा त्यांच्या बहिणीला आवर्जून भेटले. सत्तर वर्षांनीसुद्धा! आमच्या पुण्यात जो तो जर्मन नाहीतर जपानी शिकतोय. नातीला म्हटलं, तू चिनी शिक, फी मी भरतो. ती तयार आहे. तिच्या बाबाचं उत्तर अजून आलेलं नाही.