‘नको ते काढून टाका’

जुन्या व्हिडिओ कॅसेटी सीडी-डीव्हीडीवर उतरवून देणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक हमखास जे वाक्य उच्चारते, तेच आम्ही मथळ्यावर घेतले आहे. ‘तीन तासांची आहे हो, कोण बघणार एवढी? नको ते काढून टाका, आणि मागे एखादे छानसे गाणे घाला.’ दुकानदार मान डोलावतो, कारण त्याचेही काम हलके होते. आठवड्याने चकचकीत तबकडी घरी येते. कॅसेट बहुधा पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. या साध्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या व्यवहारावर आमचा आक्षेप आहे, आणि तो सौम्य नाही.

हे काम म्हणजे एका डब्यातला ऐवज दुसऱ्या डब्यात ओतणे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते संपादन आहे, आणि संपादनाला लागणारी कोणतीही शिस्त न पाळता केलेले संपादन आहे. संपादन म्हणजे काय हे निदान महाराष्ट्राला तरी कोणी शिकवायला नको. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीचे मर्म असे, की संपादकाला जो श्लोक प्रक्षिप्त वाटला तोही त्याने फेकला नाही. तो तळटीपेत नाही तर परिशिष्टात जपून ठेवला. म्हणजे संपादकाचा निर्णय उद्या कोणाला पटला नाही, तर त्याला फिरून वाद घालता यावा. आमच्या घरातल्या एकमेव प्रतीबाबत मात्र आम्ही तळटीपच जाळून टाकतो, आणि त्याला ‘जतन’ म्हणतो.

काय कापले जाते आणि का, हे पाहिले की यातली विनोदी बाजूही दिसते. व्हीएचएस ही पद्धत १९७६ साली जपानात आली. आपल्याकडे १९८२च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत शहरी मध्यमवर्गाच्या लग्नांत खांद्यावर कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्यामागे हॅलोजन धरून चालणारा पोरगा ही जोडी भटजीइतकीच अपरिहार्य झाली. कॅसेट बहुधा तीन तासांची. पुढे व्हिडिओ सीडी आली, तिच्यावर मावत सुमारे ७४ मिनिटे. तीन तासांना तीन तबकड्या लागणार. गिऱ्हाइकाला एक किंवा फार तर दोन हव्यात. तेव्हा पंगत गेली, रुखवत गेले, मांडवाच्या दारातला गोंधळ गेला. आपल्या आजीचे पंगतीतले बोलणे इतिहासातून वगळले गेले ते कोणाच्या अभिरुचीमुळे नव्हे, एका तबकडीच्या क्षेत्रफळामुळे. पुढे ती अडचण संपली, पण सवय राहिली, आणि आता त्या सवयीला अभिरुचीचे नाव मिळाले आहे.

जे उरले तेही पुरते उरले नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ६२५ रेषांचे, आणि सेकंदाला २५ चित्रे. पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत नोंदले जाते : आधी एक सोडून एक अशा रेषा, मग उरलेल्या. कॅमेऱ्याने टिपलेल्या घटनेत हे दोन हप्ते दोन वेगळ्या क्षणांचे असतात. सेकंदाला २५ नव्हे, ५० क्षण. व्हिडिओ सीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे. ते करताना सामान्यतः एक हप्ता सरळ टाकून दिला जाई. म्हणजे निम्म्या रेषा आणि निम्मे क्षण. डीव्हीडीत दोन्ही हप्ते ठेवण्याची सोय आहे, परंतु संगणकाच्या पडद्यावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात म्हणून घाईने त्या ‘गुळगुळीत’ केल्या जातात, आणि पुन्हा तेच होते. मुलगी उंबरठ्यावरचे माप ओलांडते तेव्हा पाऊल किंचित अडखळून पुढे येते. ही हालचाल त्या पन्नास क्षणांत असते. पंचविसांत ती झटक्यासारखी दिसते.

चौकटीच्या कडांची गोष्ट तर अधिकच नवलाची. जुन्या काचनळीच्या टीव्हीच्या पडद्याआड चित्राच्या चारी कडा थोड्या झाकल्या जात. त्यामुळे फीत संगणकावर घेतली की घरच्यांनी इतक्या वर्षांत कधीच न पाहिलेली एक अरुंद पट्टी चारी बाजूंनी उघडी पडते. तिच्यात तळाशी काही रेषा थरथरतात, कारण यंत्रातले एक वाचनशीर्ष काम दुसऱ्याकडे सोपवते ते तिथे. ती थरथर वाईट दिसते म्हणून दुकानदार चारी कडा कातरतो. चौकटीच्या कडेला कोण उभे असते हो लग्नात? मध्यभागी वधूवर आणि मामा. कडेला स्वयंपाकघरातून डोकावणारी बाई, वाजंत्रीवाला, वाढपी.

आवाजावर झालेला अन्याय आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. ‘मिक्सिंग’ नावाचा जो संस्कार लग्नाच्या कॅसेटीवर तेव्हा केला जाई, त्यात बदामाच्या आकारात वधू फिरवणे वगैरे चालायचेच; ते आज गमतीचे, उद्या अभ्यासाचे. पण त्याच संस्कारात मूळ आवाज पुसून त्यावर हिंदी चित्रपटाचे गाणे घातले जाई, आणि मूळ फीत पुष्कळदा पुढच्या लग्नाला वापरली जाई. त्या तडाख्यातून जे वाचले ते आता रूपांतराच्या वेळी मारले जाते. कारण दिले जाते की मूळ आवाजात ‘नुसता कलकलाट’ आहे. तो कलकलाटच तर हवा आहे! नाव घेताना अडून बसलेली नवरी, तिला खुणावणाऱ्या जावा, एखाद्या काकूंनी घातलेला आणि आज कोणाच्या तोंडी नसलेला उखाणा, मालवणीत किंवा अहिराणीत दिलेली कोपरखळी, वऱ्हाडातल्या व्याह्यांचा आणि पुण्यातल्या व्याह्यांचा मराठीवरून न बोलता चाललेला वाद. छापील मराठीने यातले फारसे काही नोंदवले नाही. आकाशवाणीने नोंदवले ते बहुधा तालीम केलेले. सत्तरीतली माणसे कॅमेऱ्याचे भान सुटल्यावर, खरकट्या हातांनी, एकमेकांशी कशी बोलत, याची सर्वसामान्य घरांतली नोंद या फितींखेरीज फारशी कुठे नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे महत्त्व आज सर्वांना पटते. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून ते पटले; जाती थांबली होती आणि म्हणणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत होत्या, तेव्हा कोणीतरी ध्वनिमुद्रक घेऊन गेले. त्याच्याही आधी राजवाडे दप्तरांमागे गावोगाव फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा, पुढे बावीस झाले. वाण्याच्या पुड्या बांधायला निघालेल्या कागदांबद्दल आपण गेली शंभर वर्षे हळहळतो आहोत. बोलपटांचेही तेच. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, तिच्याबद्दल दर वर्षी कोणीतरी उसासा टाकतोच. उसासे टाकण्यात आपण वाकबगार. परंतु ज्याचा मालक स्वतः आपण आहोत, जे आपल्याच माळ्यावर आहे, ते दप्तर आपण स्वहस्ते कातरून देतो.

यावर दोन आक्षेप येतात. ‘हे सगळे सुखवस्तू घरांतले, त्यात कसला आला समाजाचा इतिहास?’ हा पहिला. त्यात तथ्य आहे. व्हिडिओ शूटिंग परवडणारी घरे थोडी होती, आणि कॅमेरा कोणाकडे वळला आणि कोणाकडे वळला नाही, हाही इतिहासच आहे. पण कॅसेटी केवळ लग्नांच्या नाहीत. गावच्या जत्रेच्या आहेत, भीमजयंतीच्या मिरवणुकीच्या आहेत, रात्रभर चाललेल्या दशावताराच्या आहेत, कामगार वसाहतीतल्या हौशी नाटकांच्या आणि गणेशोत्सवातल्या कीर्तनांच्या आहेत. त्या एखाद्या मंडळाच्या कपाटात, नाहीतर शूटिंगवाल्याच्या पोटमाळ्यावर आहेत, आणि त्यांचे वाली सुखवस्तू घरांतल्या कॅसेटींहूनही कमी आहेत.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो आम्हाला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. त्या दिवशी चित्रित झालेल्या बायकांना कोणी विचारले नव्हते. काही चेहरे पाहणे घरच्यांनाही सोसत नाही. मान्य. म्हणूनच जपणे आणि जगाला दाखवणे यांत आम्ही फरक करतो. आजची रीत नेमकी उलटी आहे : मूळ फीत भंगारात, आणि कापलेला तुकडा यूट्यूबवर. जे जपायचे ते फेकले, जे घरात राहायचे ते चव्हाट्यावर.

या जुन्या खोडीत गेल्या काही वर्षांत एका नव्या खोडीची भर पडली आहे. धूसर फीत संगणकाला खाऊ घालायची आणि ‘फोर-के’ करून घ्यायची. व्हीएचएसच्या फितीवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो. त्यातून पापण्यांचा केस न् केस निघतो तो कुठून? तो फितीत नाहीच. हजारो परक्या चेहऱ्यांवरून यंत्राने केलेला तो अदमास आहे. वारलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अनोळखी लोकांची कातडी ताणून बसवायची आणि म्हणायचे, ‘बघा, अण्णा किती स्पष्ट दिसतात!’ ते अण्णा नव्हेत. हौस म्हणून कोणी केले तर करो. मूळ रूपांतर बाजूला जपून करावे एवढेच.

आता तबकडीविषयी. सोन्याचांदीसारखी चकाकते म्हणून ती टिकाऊ असेल हा भाबडेपणा आहे. घरी लिहिल्या जाणाऱ्या तबकडीवर मजकूर असतो तो एका रंगद्रव्याच्या थरात. ऊन, उष्मा आणि दमट हवा त्याला मानवत नाही. फितीचाही शत्रू तोच. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण चिकटवून ठेवणारे द्रव्य हवेतले पाणी पिते आणि चिघळते. कोकणात आणि मुंबईत तर रिळाच्या कडेवर बुरशीची पांढरी जाळी धरते. अशी फीत न साफ करता व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी यंत्रात जाते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या फितीवरही. आणि यंत्रच आता मिळेनासे झाले आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६च्या जुलैत थांबली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता, की चुंबकीय फितींवरचे जे २०२५पर्यंत उतरवले जाणार नाही ते बहुतांशी गमावल्यासारखेच समजावे. ती मुदत उलटून गेली. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांची आणखी एक अडचण : न्यू जर्सीहून आलेली फीत अमेरिकी एनटीएससी पद्धतीची, ५२५ रेषांची, इथल्या साध्या यंत्रावर ती धड दिसत नाही. तिला दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआरच लागतो.

मग करायचे काय? फीत पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत, मधल्या काळ्या पडद्यासकट, मूळ आवाजासकट, दोन्ही हप्त्यांसकट आणि कडांसकट घ्यावी. जुनी फीत डगमगत्या वेगाने धावते. संगणकाचे स्वस्त उपकरण अशा वेळी चित्रे गाळते आणि ओठ व आवाज यांची फारकत होते. त्यासाठी चित्राची वेळ सावरणारे ‘टाइम बेस करेक्टर’ हे उपकरण मध्ये असावे, आणि दुकानदाराकडे ते आहे का हे आधी विचारावे. हिशेब सांगायचा तर डीव्ही या पद्धतीत तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे एका टेराबाइटच्या डिस्कवर तीन तासांच्या पंचवीसेक कॅसेटी मावतात. अशा दोन डिस्क, दोन वेगळ्या घरांत. लग्नातल्या एका पंगतीच्या खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. दहा मिनिटांची सुटसुटीत तबकडी हवी असेल तर ती यानंतर खुशाल करावी, हवे ते गाणे घालावे. आमची तक्रार नाही.

आणि कॅसेट फेकू नये. व्हीसीआरच्या शीर्षाकडून येणारा कच्चा संदेश सरळ नोंदवून घ्यायचा आणि त्याचे चित्र संगणकातल्या आज्ञावलीने करायचे, अशी एक रीत हौशी तंत्रज्ञांनी अलीकडे सिद्ध केली आहे. चांगल्या फितीतून ती यंत्रापेक्षा अधिक काढते. ज्यांनी २००५ साली सीडी करून फीत टाकून दिली, त्यांना या रीतीचा काडीचा उपयोग नाही.

एक काम मात्र डिस्कने होणार नाही. कॅसेटच्या खोक्यावर निळ्या शाईने लिहिलेले ‘चि. सौ. कां.’ आणि तारीख यांचे छायाचित्र काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे, आणि घरात ऐंशीच्या पुढचे जे कोणी असेल त्यांना शेजारी बसवून, दर पाच मिनिटांनी चित्र थांबवून, दिसेल त्याचे नाव, गाव आणि नाते वहीत उतरवून घ्यावे. वाढप्याचे नावही विचारावे. पुष्कळदा ते त्यांना आठवते. फीत परत पूर्ण गुंडाळून, खोक्यात उभी, कोरड्या कपाटात ठेवावी, आणि कॅसेटच्या कण्यावरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकावा, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही मुद्रित होणार नाही.