पैदाशीची घोडी आणि प्राप्तिकराचे दप्तर

घोडा म्हटला की आपल्या सरकारदरबाराला प्रथम शर्यत आठवते आणि शर्यत म्हटली की जुगार. त्यामुळे घोड्यांची पैदास करणारा व्यावसायिक आणि शिंगराला लगामाची ओळख करून देणारा चाबुकस्वार हे दोघेही महालक्ष्मीच्या मैदानावर पैज लावणाऱ्या शौकिनाच्या पंक्तीस बसविले जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिवंत घोड्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला आणि त्याच दिवशी शर्यतीवरील पैजेचा कर २८ वरून ४० टक्क्यांवर चढला, तेव्हा प्राणी निराळा आणि पैज निराळी हा विवेक निदान एका करखात्याला सुचला असे म्हणावयास हरकत नाही. प्राप्तिकराच्या दप्तरापर्यंत मात्र तो पोचल्याचे दिसत नाही.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक प्रथम घोडीचा ओठ वर करून दात पाहते, आणि दातांवरून वय कळले की मालकाने सांगितलेली किंमत तेथल्या तेथे खाली येते. कारण वय वाढलेल्या घोडीची गर्भधारणेची शक्ती उतरते, हे त्या बाजारात कोणास शिकवावे लागत नाही. प्राप्तिकर कायद्यान्वये कारखानदारास यंत्राची झीज दरसाल नफ्यातून वजा घालता येते. परंतु त्या तरतुदीतून पशुधन स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले, आणि घोडीसाठी मोजलेली रक्कम खर्चात धरण्याची मुभा ती मेल्यावर किंवा कायमची निरुपयोगी ठरल्यावरच, तीही तिच्या विक्रीचे अथवा कलेवराचे पैसे वजा करून, ठेवण्यात आली. अकरा महिन्यांचे गाभणपण, पुढे शिंगरू खोगिराला तयार होईतोवरची दोन-तीन वर्षे, त्या अवधीतील लसूणघास, नालबंदाची मजुरी आणि मोतद्दाराचा पगार हे सारे सोसून झाल्यावर जे थोडे उत्पन्न हाती येते, त्यावर कर आकारताना घोडी मात्र खरेदीच्या दिवशी होती तशीच तरुण आहे असे गृहीत धरले जाते.

केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश करून उद्योजकास भांडवलाच्या निम्मे, कमाल ५० लाखांपर्यंत, अनुदान देऊ केले, हे योग्यच झाले. मराठ्यांच्या घोडदळाला ज्याने पाठ दिली त्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाल्यानंतर त्याच्या संवर्धनाला अशा साह्याची गरज होतीच. परंतु अनुदानाने पागा उभी राहते. ती पुढे दहा वर्षे चालती ठेवावयाची तर हिशेबाची रीतच बदलावी लागेल.

सवलत म्हणजे सरसकट माफी नव्हे. आयर्लंडमध्ये १९६९ साली चार्ल्स हॉही अर्थमंत्री असताना पैदाशीच्या घोड्यांच्या फळवणीच्या शुल्कास प्राप्तिकरातून पूर्ण मोकळीक मिळाली; पैदास भरभराटली खरी, पण माफीला मर्यादा नसल्याने तिचा सर्वांत मोठा घास मूठभर गर्भश्रीमंतांच्या पागांनी घेतला, आणि युरोपीय आयोगाच्या आक्षेपानंतर २००८ मध्ये ती मागे घ्यावी लागली. पूनावालांच्या पागेतील निवृत्त घोडे रक्तद्रवासाठी हाफकिन संस्थेस दिले जात आणि त्याच संबंधातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट जन्मास आली, हा दाखला आपल्याकडे अभिमानाने दिला जातो; परंतु असल्या सुदैवी योगायोगावर करसवलतीचा दावा मांडणे शहाणपणाचे नाही.

माझी मागणी याहून पुष्कळ लहान आहे. पैदाशीच्या घोडीची किंमत तिच्या उत्पादक वयावर समान हप्त्यांनी वाटून दरसाल वजा घालू द्यावी, या वजावटीस प्रत्येक जनावरामागे रकमेची मर्यादा असावी म्हणजे कोट्यवधींचा परदेशी घोडा आणणाऱ्यास ती फारशी उपयोगी पडणार नाही, आणि ती घेणाऱ्याने म्हातारे जनावर कोठे व कसे ठेवले याची नोंद पशुवैद्याच्या सहीनिशी दरसाल दाखल करावी.